बिल्ड मधेच 'किल्ड' होतोय? कंपायलरला शिव्या घालायच्या आधी हे बघा

हा प्रश्न थोड्या थोड्या दिवसांनी कुणीतरी घेऊन येतंच, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. लक्षण ठरलेलं असतं. लिनक्सवर सी प्लस प्लसचा एखादा मोठा प्रोजेक्ट सोर्सवरून बिल्ड करायला घेतला, मेक किंवा निंजा (बिल्ड चालवणारी टूल्स) चालू केलं, निम्मं काम मस्त झालं आणि मग मशीन गोठल्यासारखं, माउससुद्धा हलेना, फॅन बोंबलतोय, आणि थोड्या वेळाने टर्मिनलवर एक ओळ: 'फेटल एरर: किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस'. जुन्या जीसीसी कंपायलरवर हीच गोष्ट 'इंटर्नल कंपायलर एरर: किल्ड' अशी यायची, त्यामुळे लोकांना वाटायचं की कंपायलरमध्येच बग आहे आणि ते बिचारे जीसीसीवाल्यांकडे बग टाकायला जायचे. बग नसतो तो. रॅम संपली आणि कर्नलने जो सगळ्यात जास्त खात होता त्याला उडवला, एवढंच झालेलं असतं. सीसी१प्लस हा खरा कंपायलर, आपण जी प्लस प्लस म्हणून जे चालवतो तो नुसता मुकादम, तो सीसी१प्लसला कामाला लावतो आणि तो मेला की आपल्याला येऊन सांगतो.

कमांड सगळ्या देवनागरीत लिहिल्यात, उच्चारावरून कळतीलच, टाइप करताना नेहमीसारख्याच टाका.

आधी खात्री करा की खरंच मेमरीच संपली होती. 'सुडो डीमेसेज' मारा आणि शेवटच्या ओळींमध्ये 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' असं काही दिसतंय का बघा, त्याच ओळीत 'एनॉन-आरएसएस' म्हणून आकडा असतो, म्हणजे मेला तेव्हा त्या प्रोसेसकडे किती रॅम होती ते. हा आकडा कुठेतरी लिहून ठेवा, पुढे लागेल. डॉकरच्या कंटेनरमध्ये किंवा सीआयमध्ये (म्हणजे सर्व्हरवर आपोआप चालणारे बिल्ड) बिल्ड करत असाल तर बऱ्याचदा नुसता एक्झिट कोड १३७ दिसतो, तो म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे सिगकिल, प्रोसेसला जबरदस्तीने मारणारा सिग्नल. तिथेही बहुतेक वेळा हेच कारण.

डीमेसेजमध्ये काहीच नाही आणि टर्मिनलचा अख्खा टॅबच गायब झाला असेल तर ते काम सिस्टमडी-ओओएमडीचं असण्याची शक्यता जास्त. हा कर्नलमधला ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर नव्हे, हा बाहेर बसलेला वेगळा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) आहे, फेडोरा ३४ पासून आणि उबुंटू २२.०४ पासून डीफॉल्ट आला, आणि तो एक प्रोसेस न मारता अख्खा सीग्रुप, म्हणजे प्रोसेसचा गट, मारतो. म्हणून मेक, शेल, त्याच टॅबमध्ये उघडलेला व्हिम, सगळं एकदम साफ. उबुंटू २२.०४ आलं तेव्हा लोकांचे ब्राउझर धडाधड उडायला लागले होते ते याच्यामुळेच. त्याचे लॉग जर्नलसीटीएलमध्ये त्याच्या सर्व्हिसच्या नावाखाली सापडतील.

आणखी एक प्रकार असतो, तो वेगळा ओळखायला शिका. 'किल्ड' न येता 'सेगमेंटेशन फॉल्ट' येतोय, दरवेळी वेगळ्याच फाइलवर येतोय, आणि तीच फाइल परत कंपाइल केली की गुपचूप होतेय, तर मेमरी कमी नाही, मेमरी खराब आहे. जीसीसी स्वतःच कधीकधी अशा वेळी म्हणतो की बग परत घडवता आला नाही, बहुतेक हार्डवेअरचा प्रॉब्लेम असावा. त्याचं ऐका. रात्रभर मेमटेस्ट लावा. मोठा बिल्ड हा रॅमची परीक्षा घेण्याचा चांगला मार्ग आहे हे जुन्या लिनक्सवाल्यांना पक्कं माहिती आहे. खालचं सगळं मात्र 'किल्ड'साठी आहे.

आता बरेच जण काय करतात, तीच कमांड परत मारतात. आणि गंमत म्हणजे ते चालतं पण! कारण झालेल्या फाइली परत होत नाहीत, उरलेल्यात दोन जड फाइली एकाच वेळी येण्याची शक्यता कमी होते, आणि असं ढकलत ढकलत बिल्ड ९९ टक्क्यांपर्यंत जातो. मग लिंकिंगला (तयार तुकडे जोडून एक प्रोग्रॅम बनवायला) येतो आणि तिथे कितीही वेळा मारा, तिथेच मरतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा की मेला कुठे, कंपाइल करताना की लिंक करताना? दोन्हीची औषधं वेगळी आहेत, आणि लोक एकाचं औषध दुसऱ्याला देत बसतात.

कंपाइल करताना मरत असेल तर दहातल्या आठ वेळा कारण साध्या गुणाकाराचं आहे. लॅपटॉपला ८ कोअर (किंवा हायपरथ्रेडिंग धरून १६) आणि रॅम ८ जीबी, हे कॉम्बिनेशनच मुळात बिल्डसाठी वाईट. टेम्प्लेट ठासून भरलेली सी प्लस प्लसची एक फाइल कंपाइल व्हायला एक-दोन जीबी सहज घेते, अशा १६ एकदम चालू केल्या तर गणित तुम्हीच करा. आणि हे तुम्ही सांगितलंही नसतं, टूल आपणहून करतं. निंजाला काही सांगितलं नाही तर तो कोअर अधिक दोन एवढे जॉब (एकदम चालणारी कामं) लावतो. मेकला नुसतं '-जे' दिलं आणि पुढे आकडाच दिला नाही तर मर्यादाच नाही, जेवढे लावता येतील तेवढे लावतो. कंटेनरमध्ये तर अजून मजा, तिथे 'एनप्रॉक' बऱ्याच डिस्ट्रोवर (फेडोरा, उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रकारांवर) होस्टचे सगळे कोअर सांगतो, तुम्हाला कोटा दोनच कोअरचा मिळालेला असला तरी. म्हणजे ६४ कोअरच्या सर्व्हरवर ४ जीबीच्या कंटेनरमध्ये ६४ जॉब. मरणारच.

त्यामुळे जॉबची संख्या कोअरवरून ठरवायचीच नाही, रॅमवरून ठरवायची. माझा ढोबळ हिशोब असा: जड सी प्लस प्लस असेल तर दर जॉबला २ जीबी, ब्राउझर आणि डेस्कटॉपचे दोन-तीन जीबी आधीच वजा करून. म्हणजे ८ जीबीच्या मशीनवर दोन, फार तर तीन. 'मेक -जे२'. साध्या सी चा प्रोजेक्ट असेल, लिनक्स कर्नलसारखा, तर दर जॉबला यापेक्षा खूप कमी लागतं आणि तिथे सगळे कोअर वापरायला हरकत नाही. मेकचा '-एल' ऑप्शन लोक सुचवतात, लोड बघून नवीन जॉब थांबवणारा, पण तो सीपीयूचा लोड बघतो, रॅमकडे ढुंकूनही बघत नाही, त्यामुळे इथे त्याचा भरवसा नको.

ज्यांना वाटतंय की आपण कुठे मेक चालवतो, आपण तर पायथनवाले, त्यांच्यासाठी: पिप इन्स्टॉल करताना एखाद्या पॅकेजचं तयार व्हील (आधीच बिल्ड केलेली फाइल) मिळालं नाही तर मागे हेच सगळं चालतं. फ्लॅश-अटेन्शन नावाचं पॅकेज आहे, त्याच्या रीडमीमध्येच लिहिलंय की ९६ जीबीपेक्षा कमी रॅम आणि भरपूर कोअर असतील तर निंजा इतके जॉब लावेल की रॅम संपेल, म्हणून 'मॅक्स_जॉब्स' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ४ करा. शहाण्णव जीबी! पण निदान सांगितलंय तरी, बाकीचे तेही सांगत नाहीत. पायटॉर्चची एक्स्टेन्शन्स हेच व्हेरिएबल बघतात. रस्टसाठी 'कार्गो_बिल्ड_जॉब्स', सीमेकसाठी 'सीमेक_बिल्ड_पॅरलल_लेव्हल', नावं वेगळी, काम तेच.

आता तुम्ही म्हणाल की मी जे१ केलं तरी मरतंय. मग एखादी फाइलच राक्षस आहे, ती शोधा. शेलमधला नुसता 'टाइम' नको, तो फक्त वेळ सांगतो, पूर्ण पाथ देऊन यूएसआर-बिनमधला 'टाइम' चालवा '-व्ही' लावून, तो 'मॅक्झिमम रेसिडेंट सेट साइज' म्हणून एक ओळ देतो, केबीमध्ये. सीमेक असेल तर प्रत्येक कमांड हाताने चालवायची गरज नाही, 'सीमेक_सीएक्सएक्स_कंपायलर_लाँचर' मध्ये हाच टाइम -व्ही घालून द्या, मध्ये सेमीकोलन टाकून, मग प्रत्येक फाइलमागे आकडा छापून येतो. लॉग सॉर्ट केला की वर जी दोन-तीन नावं येतात तीच तुमची दुखणी. मग त्या एका फाइलवर जीसीसीला '-एफटाइम-रिपोर्ट' लावा, कुठल्या पासने (कंपायलरच्या फेरीने) किती वेळ आणि किती मेमरी घेतली ते टेबल येतं. क्लँग (दुसरा कंपायलर) असेल तर '-एफटाइम-ट्रेस', ते मेमरी सांगत नाही, पण कुठल्या हेडरमध्ये आणि कुठल्या टेम्प्लेटमध्ये जीव अडकलाय ते चित्रासारखं दिसतं आणि बहुधा चोर एकच असतो.

राक्षस फाइलींचे प्रकारही ठरलेले असतात. एक म्हणजे प्रोग्रॅमने लिहिलेला कोड, पार्सर जनरेटरचा किंवा कुठल्या स्किमातून आलेला, त्यात दहा-दहा हजार ओळींचं एकच फंक्शन. ओ२ आणि ओ३ या ऑप्टिमायझेशनच्या पातळ्यांमधले काही पास फंक्शनचा आकार वाढला की त्याच्या कितीतरी पट मेमरी खातात. याच्यावर जुगाड करायची गरजच नाही, जीसीसीच्या मॅन्युअलमध्येच सांगितलंय की मशीनने लिहिलेल्या मोठ्या कोडसाठी ओ१ वापरा, वेळ आणि मेमरी दोन्हीचा मेळ तिथेच बसतो. अख्ख्या प्रोजेक्टला ओ१ करू नका, त्या एका फाइलला करा, सीमेकमध्ये एका सोर्स फाइलपुरते फ्लॅग देता येतात.

दुसरा प्रकार म्हणजे फाँट, इमेज, मॉडेल असलं काहीतरी बायनरी घेऊन त्याचा सी ॲरे बनवलेला, शून्य एक्स फोर ए, शून्य एक्स वन एफ, अशा लाखो आकड्यांची रांग. एका बाइटच्या डेटासाठी कंपायलर एक टोकन, त्याचा प्रकार, त्याची जागा, असं सगळं लक्षात ठेवतो, त्यामुळे काही एमबीच्या फाइलला शेकडो एमबी रॅम जाते. सी२३ मध्ये याच्यासाठीच 'हॅश एम्बेड' आलंय, क्लँग १९ आणि जीसीसी १५ पासून मिळतं. जुना कंपायलर असेल तर असेंबलरचं 'डॉट इंकबिन' वापरा, चाळीस ओळींत काम होतं आणि रॅम लागतच नाही म्हटलं तरी चालेल.

तिसरा प्रकार मॅक्रो, म्हणजे कंपाइलच्या आधी प्रीप्रोसेसर जागेवर पूर्ण उलगडून लिहितो ती लघुरूपं. याचं सगळ्यात भारी उदाहरण खुद्द लिनक्स कर्नलचं आहे. २०२४ मध्ये लक्षात आलं की झेन या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरसाठीच्या सेटअपच्या फाइलमधली एक ओळ, हो एकच ओळ, प्रीप्रोसेसरमधून बाहेर पडल्यावर ४७ एमबीची होते. 'मिन'सारखे साधे मॅक्रो एकात एक घातले होते. आणि ते मॅक्रो कुणी वेड्यासारखे लिहिले नव्हते. साइन्ड आणि अनसाइन्ड आकड्यांची चुकून तुलना होऊ नये म्हणून कंपाइल करतानाच तपासणी करायची, यासाठी वर्षानुवर्षं त्यात एकेक चेक वाढत गेला, प्रत्येक चेकसाठी आर्ग्युमेंट परत परत लिहिलं जायचं, आणि एकात एक घातलं की ते गुणाकाराने फुगायचं. म्हणजे क्वालिटी वाढवायला केलेल्या गोष्टीनेच कंपायलरची मेमरी खाल्ली. नंतर मॅक्रो सोपे केले, काही ठिकाणी चेक थोडे सैल केले. हे लक्षात ठेवा, कारण पुढे 'सगळं सॉफ्टवेअर फुगलंय' वाल्यांशी बोलायचं आहे.

पण त्याआधी लिंकर. ९९ टक्क्यांवर मरतंय म्हणजे लिंकर मरतोय, डीमेसेजमध्ये 'एलडी' किंवा त्याच्यासारखं नाव दिसेल. इथे मुख्य वजन डीबग माहितीचं असतं. डीबग बिल्ड म्हणजे प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलमध्ये ड्वॉर्फ (डीबग माहितीचा फॉरमॅट) ठासून भरलेला, आणि जुना ग्नू एलडी ते सगळं एकत्र घेऊन बसतो. पहिला उपाय, डीबग खरंच हवंय का ते स्वतःला विचारा. नुसता प्रोग्रॅम वापरायचा असेल तर रिलीज बिल्ड करा आणि विषय संपवा, इतके लोक सवयीने डीबग बिल्ड करतात की विचारू नका. बॅकट्रेसपुरतं (प्रोग्रॅम कुठे पडला ते कळण्यापुरतं) हवं असेल तर '-जी१' पुरतं. सगळं हवं असेल तर '-जीस्प्लिट-ड्वॉर्फ', यात बहुतेक डीबग माहिती वेगळ्या फाइलीत जाते आणि लिंकरला तिच्याकडे बघावंच लागत नाही. दुसरा उपाय लिंकर बदला, एलएलडी वापरून बघा, '-एफयूज-एलडी=एलएलडी' एवढंच. ग्नू एलडीवरच राहायचं असेल तर त्याला 'नो-कीप-मेमरी' असा ऑप्शन आहे, हळू चालतो पण चालतो. आणि तिसरा, जो सगळ्यात जास्त विसरला जातो: एकाच वेळी किती लिंक चालतात ते कमी करा. एलएलव्हीएम (क्लँगचा मूळ प्रोजेक्ट) स्वतः बिल्ड करणाऱ्यांना हे माहिती असेलच, तिथे शंभर टूल्स एकदम लिंक व्हायला येतात, म्हणून त्यांनी 'एलएलव्हीएम_पॅरलल_लिंक_जॉब्स' असा वेगळा आकडाच ठेवलाय, तो १ करा आणि कंपाइल जॉब हवे तेवढे ठेवा. तुमच्या प्रोजेक्टमध्ये निंजा असेल तर सीमेकच्या जॉब पूलने हेच करता येतं.

एलटीओ (लिंक करताना होणारं ऑप्टिमायझेशन) चालू असेल तर मात्र लिंकर हा नावापुरता लिंकर असतो, सगळ्या प्रोग्रॅमचं ऑप्टिमायझेशन तेव्हाच चालतं. क्लँगमध्ये फुल ऐवजी थिन एलटीओ घ्या, रस्टमध्ये 'फॅट' ऐवजी 'थिन' किंवा बंदच. फायद्यातला फार थोडा भाग जातो, रॅम मात्र भरपूर वाचते.

आणि ही गरिबांचीच रड आहे असं समजू नका. डिसेंबर २०११ मध्ये मोझिलाच्या विंडोज बिल्डचं काय झालं बघा. फायरफॉक्सचा मुख्य भाग प्रोफाइल बघून ऑप्टिमाइझ करत लिंक करताना मायक्रोसॉफ्टचा ३२ बिट लिंकर ३ जीबीच्या ॲड्रेस स्पेसला जाऊन धडकला. रॅम कितीही घाला, ३२ बिटचा प्रोसेस त्याच्यापुढे बघूच शकत नाही. नवीन कोड टाकणं थांबवावं लागलं, काही कोड वेगळ्या लायब्ररीत हलवला, आणि मग बिल्ड मशीन ६४ बिट विंडोजवर नेली कारण तिथे ३२ बिट प्रोसेसलाही पूर्ण ४ जीबी मिळतात. डेबियनवाल्यांना ३२ बिट मिप्सवर हाच त्रास होता, तिथे तर प्रोसेसला २ जीबीच मिळायची. म्हणून तुमच्या रास्पबेरी पायवर ३२ बिट ओएस असेल आणि 'व्हर्च्युअल मेमरी एक्झॉस्टेड' येत असेल तर स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवून बहुधा उपयोग नाही, ६४ बिट ओएस टाका किंवा दुसऱ्या मशीनवर क्रॉस कंपाइल करा.

स्वॅपचा विषय निघालाच आहे तर, स्वॅप वाईट असतो हे जे डोक्यात बसलंय ते काढून टाका. एसएसडी असेल तर ८-१६ जीबीची स्वॅप फाइल करून ठेवा, बिल्डपुरती. आणि झेडरॅम लावा. झेडरॅम म्हणजे रॅमचाच थोडा भाग घेऊन त्यात कॉम्प्रेस करून मेमरीची पानं ठेवायची. फेडोराने ३३ पासून तो डीफॉल्ट केलाय आणि ८ जीबीच्या मशीनवर त्याचा फरक जाणवतो. एकच जड लिंक चालू असेल तर स्वॅप तारून नेतो. दहा जॉब एकदम स्वॅपमध्ये गेले तर मात्र मशीन गोठणार, म्हणून आधी जॉब कमी, मग स्वॅप, हा क्रम पाळा.

एक छुपा चोर आहे तो बऱ्याच जणांना माहितीच नसतो. स्लॅश टीएमपी. फेडोरात ती कधीपासून टीएमपीएफएसवर आहे, डेबियन १३ मध्येही आता तसंच, आणि टीएमपीएफएस म्हणजे रॅमच. डीफॉल्टने अर्ध्या रॅमपर्यंत वाढू शकते. जीसीसी मधल्या असेंब्ली फाइली आणि एलटीओच्या तात्पुरत्या फाइली तिथेच टाकतो, काही लोक तर सोर्सही तिथेच उघडून बिल्ड करतात, म्हणजे रॅम संपवायची आणि मग रॅम का संपली म्हणून विचारायचं. 'टीएमपीडीआयआर' डिस्कवरच्या फोल्डरला लावा. 'फ्री -एच' मध्ये 'शेअर्ड' चा आकडा फुगलेला दिसला तर हेच असण्याची दाट शक्यता.

जीसीसीचे 'जीजीसी-मिन-एक्स्पांड' आणि 'जीजीसी-मिन-हीपसाइज' हे दोन पॅरामीटर जुन्या पोस्टांमध्ये सापडतील. १ जीबी किंवा जास्त रॅम असली की पहिल्याची किंमत १०० असते आणि दुसऱ्याची जास्तीत जास्त १२८ एमबी, कमी केल्या तर जीसीसी स्वतःचा कचरा लवकर उचलतो, बिल्ड हळू होतो, थोडी रॅम वाचते. थोडीच. काठावर असाल तर करून बघा. क्लँगमध्ये असलं काही नाही, तो साधारणपणे मेमरी परत करायच्या भानगडीतच पडत नाही, बंद होताना ओएसच घेईल की म्हणतो, आणि वेगाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

'पण मेमरी नव्हती तर कर्नलने मॅलॉकला (प्रोग्रॅमने मेमरी मागितली तेव्हा) आधीच 'नाही' का म्हटलं नाही, देऊन मग मारायचं हे कुठलं शहाणपण?' हा प्रश्न हमखास येतो. लिनक्स ओव्हरकमिट करतो. लग्नाच्या पत्रिका हजार वाटायच्या आणि ताटं सहाशेच सांगायची तसं, कारण मागितलेली सगळी मेमरी प्रोग्रॅम खरंच वापरतात असं नाही, आणि एरवी हे चालून जातं. ज्या दिवशी हजारही जेवायला येतात त्या दिवशी ओओएम किलर. 'व्हीएम डॉट ओव्हरकमिट_मेमरी' २ केलं तर कर्नल काटेकोर हिशोब ठेवतो, मग कंपायलरला मारलं जात नाही, त्याला 'नाही' ऐकायला मिळतं आणि तो नीट एरर देऊन बंद होतो. ऐकायला छान, पण ब्राउझर आणि जावा असले प्रोग्रॅम भरमसाट जागा नुसती राखून ठेवतात, ते सगळे कोलमडायला लागतात. डेस्कटॉपवर करू नका.

त्यापेक्षा दोन गोष्टी कामाच्या आहेत. 'चूम -एन ५०० -- मेक -जे३' असं चालवलं की मारायची वेळ आलीच तर आधी बिल्ड मरेल, तुमचा उघडा ब्राउझर किंवा एडिटर नाही. आणि 'सिस्टमडी-रन' ला यूजर आणि स्कोप देऊन 'मेमरीमॅक्स=५जी' लावलं की बिल्डला कुंपण पडतं, मेला तरी आतल्या आत मरतो, माउस हलत राहतो. मी स्वतः दुसरं कायमच लावून ठेवतो.

आता राहिले ते लोक, जे दरवेळी म्हणतात की कंपायलरवाल्यांना कोड लिहिता येत नाही, पूर्वी बघा कसं होतं. पूर्वीचं बघूच. पीडीपी-११ या मशीनवर युनिक्स आलं तेव्हा मशीनची मेमरी होती २४ केबी, त्यात १६ सिस्टमला आणि ८ यूजरच्या प्रोग्रॅमला. टर्बो पास्कल १९८३ मध्ये आलं, एडिटर आणि कंपायलर मिळून ४० केबीच्या आत. पास्कलचा कर्ता निकलाउस विर्थने १९९५ मध्ये सॉफ्टवेअर उगाच लठ्ठ होत चाललंय म्हणून अख्खा लेख लिहिला, आणि हार्डवेअर जितकं वेगवान होतं त्याहून लवकर सॉफ्टवेअर हळू होतं हे वाक्य त्याच्याच नावावर चिकटलं, जरी त्याने ते मार्टिन रायझरकडून घेतल्याचं सांगितलं होतं. तक्रार करणाऱ्यांचं बरंचसं खरं आहे. विंडोज ९५ ला ४ एमबी पुरायची, विंडोज ११ ला निदान ४ जीबी लागते, हजार पट, आणि हजार पट काम होतंय असं मला तरी वाटत नाही.

पण कंपायलरच्या बाबतीत हिशोब वेगळा करावा लागतो. टर्बो पास्कल एका फेरीत वाचता वाचता कोड टाकत जायचं, मागे वळून बघायचंच नाही, त्यामुळे मेमरी लागायची नाही आणि ऑप्टिमायझेशनही जवळजवळ नसायचं. जास्त चांगला कोड हवा तर कंपायलरला प्रोग्रॅमचा मोठा भाग एकदम डोळ्यासमोर ठेवावा लागतो, ही देवाणघेवाण फार जुनी आहे. आयबीएमने सिस्टम ३६० च्या काळात हे उघडच सांगितलं होतं, त्यांच्या कंपायलरच्या नावात अक्षर असायचं आणि ते अक्षर मशीनची मेमरी सांगायचं, ई म्हणजे ३२ के, एफ ६४, जी १२८ आणि एच २५६. फोरट्रान जी पटकन कंपाइल करायचा, फोरट्रान एच जास्त मेमरी आणि वेळ घ्यायचा पण त्याने काढलेला कोड त्या काळात नावाजलेला होता. गिऱ्हाइकाला घेतानाच माहिती, की कुठली क्वालिटी कितीला पडते. माझी तक्रार असेल तर एवढीच आहे की आज हे नावात तर सोडाच, रीडमीमध्येही कुणी लिहीत नाही. क्रोमियमवाले लिहितात, निदान ८ जीबी, १६ च्या वर असेल तर फारच उत्तम. अँड्रॉइडच्या सोर्ससाठी गूगलने ६४ जीबी सांगून टाकलेत, परवडत नाही पण फसवणूक तरी नाही. बाकी प्रोजेक्टमध्ये डिपेंडन्सीची यादी हातभर असते आणि मेमरीबद्दल अवाक्षर नाही. तुमचा स्वतःचा प्रोजेक्ट असेल तर सगळ्यात जड फाइलचा आणि लिंकचा तो 'मॅक्झिमम रेसिडेंट' आकडा रीडमीमध्ये टाका, पाच मिनिटांचं काम आहे.

तर मेमरी कुठे चाललीय त्यावरून ठरवा. एलटीओ, ओ३, पूर्ण डीबग माहिती, ही तुम्ही मागितलेली गोष्ट आहे, नको असेल तर कमी मागा. ४७ एमबीची ओळ, लाखभर आकड्यांचा ॲरे, प्रत्येक फाइलमध्ये शिरणारं एकच अजस्र हेडर, हा कोडमधला दोष आहे आणि तो तिथेच दुरुस्त होतो, रॅम घेऊन फक्त पुढे ढकलला जातो. आणि सोळा जॉब ही यातली कुठलीच गोष्ट नाही, तो नुसता चुकीचा डीफॉल्ट आहे, पण तक्रारी सगळ्यात जास्त त्याच्याच असतात.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायचं झालं तर नुसता 'किल्ड' चा स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यावरून काही कळत नाही. डीमेसेजमधली ती ओओएमची ओळ, 'फ्री -एच', 'एनप्रॉक', जॉब किती लावले होते, कंपायलर आणि लिंकर कुठला आणि त्याचं व्हर्जन, डीबग की रिलीज, एलटीओ आहे का, आणि जे१ वर मरतंय का. हे शेवटचं आधी करून बघा, कारण निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच मिटतो.